भिंतीवरचे दोन तळवे

मला चित्रांचा रागच यायचा. बायका उघड्या हातांनी शहराची घाण उपसतायत आणि आपण रंग बघत उभं राहायचं? आमच्या गौलीगुडा वस्तीतल्या सफाई कामगार बायकांना हातमोजे मिळावेत म्हणून मी पत्रकं काढत होते. माझी आई त्यांच्यातलीच. माझ्या पत्रकात ती भाकरी बांधून न्यायची. मागण्या घेऊन पालिकेच्या ऑफिसात मात्र कधी आली नाही. "साहेब कामावरून काढील," एवढंच म्हणायची.

मग मागण्या लिहायला गल्लीच्या तोंडाची भिंत मिळाली. ती रंगवायला एक काका आले. बेगम बाजारातल्या दुकानांच्या पाट्या रंगवण्यात त्यांची हयात गेली. फ्लेक्स आल्यापासून रिकामे होते. मी त्यांच्या हातात अकरा मागण्या ठेवल्या. सगळ्या मराठीत.

"हौ, लिहितो की. पण वाचणार कोण? तुझ्या आईला अक्षर येत नाही. पोरं तेलुगू-इंग्रजी शिकलेली. भिंतीपाशी उभी राहून वाचून दाखवतेस काय?"

"मग फुलं काढा!"

"फुलं नक्को. तू दोन दिवस गप बस, बेटा."

दोन्ही दिवस पहाटे ते सफाईवाल्यांची हजेरी लागते तिथे गेले आणि चहा पिणाऱ्या बायकांचे हात बघत बसले. तिसऱ्या दिवशी भिंतीवर दोन तळवे होते, माणसाच्या उंचीचे. चेहरा नाही, घोषणा नाही. काळी नखं, अंगठ्याच्या बेचक्यातली भेग, आणि त्या भेगेत तेवढीच एक लाल रेघ. पाटीवाल्याचा हात तो, रेघ कुठे थांबवायची हे त्याला पक्कं ठाऊक.

मी काही विचार करायच्या आत माझ्या मुठी वळल्या. 'जखमा' हा शब्द मी प्रत्येक पत्रकात लिहिला होता; लिहिताना एकदाही बोट आखडलं नव्हतं. त्या माणसापुढे मला माझ्या भाषेची लाज वाटली, आणि त्याचं प्रचंड कौतुकही.

दुपारी आई कामावरून आली. भिंतीपाशी थबकली. हात पदराखाली गेले. मग बाहेर काढून तिने अंगठ्याचं बेचकं चोळलं.

"झोंबतंय बघ. कचऱ्यात लिंबाचं साल लागलं की अस्संच होतं."

घरात हे ती कधी बोलली नव्हती.

"ऑफिसात कधी जायचंय?"

"सोमवारी."

"येते. पण तू मधे बोलायचं नाही."

सोमवारी तिने साहेबांच्या टेबलावर दोन्ही हात उताणे ठेवले. साहेबांनी खुर्ची मागे सरकवली आणि ते खिडकीकडे बघू लागले.

"इकडं बघा की, साहेब," आई म्हणाली. तिने हात उचलले नाहीत.