रिकामं ताट

सोमवारपासून नातीची शाळा. काल फुलचूर गावातल्या घरी वरणभाताचा वास सुटला होता आणि माझी लेक नव्या दप्तरावर नाव घालत बसली होती. नात जेवेना, तशी लेक म्हणाली, "जेव लवकर, नाही तर मॅडमला देऊन टाकीन." माझ्या हातातला घास हातातच राहिला.

धमकी माझीच होती. ती लहान असताना तीन वर्षं मी याच लेकीला बालवाडीच्या बाईचा धाक घालून भरवलं आणि स्वतःला मोठी हुशार समजले. बालवाडीच्या पहिल्या सकाळी मी तिला नवा फ्रॉक घातला. ती गुपचूप चुलीपाशी गेली आणि कधी नव्हे तो सगळा भात एकटीनं संपवला. मग रिकामं ताट माझ्यापुढे धरून म्हणाली, "माय, सप्पा खाल्ली. आता नको देऊ ना मले."

त्या दिवशी शाळा सुटेपर्यंत मी बालवाडीच्या दारातच बसून राहिले, तिला दिसेल अशी.

लेकीला यातलं काही आठवत नाही. ती पाणी आणायला आत गेली, तशी मी नातीला हळूच म्हटलं, "ठेव तो भात. तुह्या मायले बी मी कोणाले देलं नाही."