बसवानं खाल्लेला बेल

बाबांच्या सोमवारच्या नेमावर माझा कधी विश्वास नव्हता. तो मोडला असता तरी मला फार दुःख झालं नसतं. पण तो माझ्या हातून मोडला आणि मोडल्याचं मी लपवलं, तेव्हा मात्र माझी झोप उडाली. मी स्वतःबद्दल फारसं बोलणाऱ्यातली नाही. माझं सगळं शिक्षण इंग्रजी माध्यमात झालं, त्यामुळे मराठीत मनातलं लिहिताना अजूनही परक्याच्या घरी जेवायला बसल्यासारखं अवघडायला होतं. तरीही हे लिहिते आहे, कारण जे मला मिळालं ते गप्प बसून ठेवून घेण्यासारखं नाही.

सोलापुरात आमचं भुसाराचं दुकान आहे. कुंभारीच्या पुढे, अक्कलकोट रस्ता सोडून आत वळलं की शेतात महादेवाचं एक लहानसं देऊळ लागतं. पुजारी नाही, कुलूप नाही. मी सातव्या महिन्यात जन्मले आणि काचेच्या पेटीत होते तेव्हा बाबा त्या देवाला बोलून बसले, की पोर जगली तर दर सोमवारी बेल वाहीन. पोर जगली. तेव्हापासून चोवीस वर्षं, दुकान उघडायच्या आधी, ते मोटारसायकलवरून तिथे जात, अकरा पानं वाहत आणि घरी आल्यावरच चहा घेत. लहानपणी मला या गोष्टीची लाज वाटायची. शाळेतल्या मैत्रिणींचे बाबा सोमवारी टाय लावून ऑफिसला जात आणि माझे बाबा हँडलला बेलाची पिशवी अडकवून शेतात जात.

गेल्या दिवाळीनंतर बाबांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. घरी आल्यावर पहिल्याच रविवारी संध्याकाळी ते अंगणातल्या बेलाकडे खिडकीतून बघत बसले होते. मला गिअरची गाडी येते, बाबांनीच शिकवली आहे. मी घरूनच लॅपटॉपवर काम करते, सकाळचे दोन तास मला मोकळे असतात. "मी जाते," असं मी म्हटलं ते भक्तीनं नव्हे. त्यांचं ते बघणं मला बघवेना म्हणून. ते म्हणाले, "हळू जा. आणि चहा मी तू आल्यावरच घेतो." दोन सोमवार नीट गेले. मी पानं ठेवायची, हात जोडायची, काय म्हणायचं ते सुचत नसे म्हणून काहीच न म्हणता परतायची.

तिसऱ्या सोमवारी देवळाच्या अलीकडच्या वळणावर रस्त्याच्या मधोमध एक बैल उभा होता. पांढरा, उंच, गळ्यात घंटा, शिंगांना रंग. मी हॉर्न वाजवला. तो हलला नाही. मी आणखी लांब हॉर्न वाजवला आणि गाडी त्याच्या मागून काढायला गेले. नेमका त्याच वेळी तो वळला. ब्रेक, खडी आणि मी डाव्या अंगावर जमिनीवर. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं. गुडघ्यावर जीन्स फाटली होती, डाव्या मनगटातून कळ येत होती, आणि माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो 'सॉरी'. बैलाला.

त्यानं माझ्याकडे बघितलंही नाही. पिशवीतून बेलाची पानं रस्त्यावर पसरली होती. तो शांतपणे पुढे आला, मान खाली घातली आणि एकेक करून सगळी पानं खाऊन टाकली.

"अय्यो शिवा! उटू नगस, उटू नगस, बस तितंच!" रस्त्याकडेच्या वस्तीवरून साठीच्या एक बाई पदर खोचत धावत आल्या. गंगव्वा त्यांचं नाव, ते मला नंतर कळलं. त्यांनी माझा हात हातात घेतला, बोटं हलवून बघितली, कुडाच्या दोन तुराट्या मोडून आणल्या, त्या मनगटाच्या दोन बाजूंना लावून जुन्या लुगड्याच्या चिंधीनं घट्ट बांधल्या. बांधताना तोंड चालूच होतं.

"हॉर्न वाजिवलीस का त्याला?"

मी मान हलवली.

"मग! त्याला हॉर्न आवडत न्हाय की. आमच्या घरचा गोऱ्हा हाय, म्हादेवाला सोडलेला. आता समद्या गावाचा बसवा झाला. तो आडवा आला की आमी गाडी बंद करून गप उभं ऱ्हातो. मोटारवालं सुदिक. तू कोन लागून गेलीस?"

मला रडू आवरत नव्हतं. मी म्हटलं, "त्यानं बेल खाल्ला. देवाचा होता."

"मग पोचला की! त्याचाच बैल हाय न्हवं?" त्या हसल्या. मला ती थट्टा वाटली आणि रागच आला. एखाद्याची चोवीस वर्षं बैलाच्या पोटात गेल्यावर हसायचं कसलं? देऊळ समोर दिसत होतं, चालत पाच मिनिटं. पण हात असा ठणकत होता की मला फक्त घर हवं होतं. बाई विचारत होत्या, "नाव काय बाई तुजं? कुणाची तू?" अनोळखी माणसांना नाव सांगू नये, हे मला शाळेपासून शिकवलेलं. शिवाय मी मुळातच तशी. "सोलापूरची आहे," एवढंच म्हणाले. त्यांना ते लागलं असेल, पण त्यांनी दाखवलं नाही. सोलापूरकडे जाणारी वडापची जीप हात करून थांबवली, पुढच्या सीटवरच्या माणसाला उठवून मला बसवलं आणि ड्रायव्हरला दम दिला, "खड्ड्यात घालू नगस रं, हात मोडलाय पोरीचा." मोटारसायकल गावातल्याच कुणीतरी कुंभारीच्या गॅरेजला नेऊन लावली. दुकानातले मल्लप्पा काका ती तिथूनच घेऊन आले.

दवाखान्यात डॉक्टरांनी त्या तुराट्या सोडवल्या आणि थोडा वेळ हातात धरून बसले. बारीक फ्रॅक्चर होतं. "कुणी बांधलं हे? असं बांधलं नसतं तर हाड सरकलं असतं, मग ऑपरेशन होतं." मी म्हटलं, रस्त्यावरच्या एक बाई. नाव ठाऊक नाही. ते म्हणताना पहिल्यांदा मला कसंसं झालं. त्यांनी माझं नाव विचारलं होतं. मी त्यांचं विचारलंसुद्धा नव्हतं.

घरी पोचले तेव्हा दुपारचा एक वाजला होता. प्लॅस्टर बघून आईनं डोक्याला हात लावला. बाबा वॉकर धरून दारापर्यंत आले होते. त्यांनी मला आपादमस्तक बघितलं, पाणी द्यायला सांगितलं, सगळं विचारलं. आणि अगदी शेवटी, ओशाळल्यासारखे हळूच म्हणाले, "बेल वाहिलास ना?"

स्वयंपाकघरात त्यांचा सकाळचा कप तसाच पालथा होता. मी मान हलवली. येताना पडले, असं म्हटलं. आईनं चहा ठेवला. बाबांनी डोळे मिटून पहिला घोट घेतला.

त्यानंतरचे दिवस खरं तर सुखाचे होते, हे कबूल करायला हवं. बाहेरच्या खोलीत दोन खाटा. एकीवर बाबा, एकीवर मी. त्यांचा व्यायाम घ्यायला येणारे गृहस्थ माझ्या बोटांचाही व्यायाम घेत. आई म्हणायची, "दुकानदार पाय मोडून बसले, कॉम्प्युटरवाली हात मोडून बसली. दोघं मिळून एक धड माणूस तरी करा!" मी दहा वर्षांत कुणाला केसांना हात लावू दिला नव्हता. आता आई रोज वेणी घालायची आणि घालताना माझ्या लहानपणीच्या गोष्टी सांगायची. बाबा आणि मी शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी एका ताटात खायचो, कारण मला एका हातानं भाकरी मोडता येत नव्हती. इतकं मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते.

फक्त सोमवार मला नकोसा वाटायचा. बाबांनी ठरवलं होतं, आपण दोघंही बरे होईपर्यंत बेल घरच्याच देवाला वाहायचा. "मागचा सोमवार तू तिथे वाहिलास, त्यामुळे साखळी तुटलेली नाही. तिथून पुढे घरी," असं ते निवांतपणे म्हणाले होते. त्या साखळीतली एक कडी बैलानं खाल्ली आहे, हे मला एकटीलाच ठाऊक होतं. आणि प्रत्येक सोमवारी त्यांचं ते समाधानानं चहा पिणं मला बघावं लागायचं.

घरातल्या तिसऱ्या सोमवारी त्यांनी अकरापैकी एक पान माझ्यापुढे धरलं. "एक तू वाहा. उजवा हात चांगला आहे की."

मला ते घेता येईना. मी देवघराकडे बघितलं. मनात काही प्रार्थना वगैरे नव्हती. आता जे व्हायचं ते होवो, एवढंच होतं. मी सगळं सांगितलं. हॉर्न, बैल, पानं, त्या बाई, माझी हललेली मान.

बाबांनी पुढे धरलेलं पान परत ताटलीत ठेवलं. मग म्हणाले, "बसवाला लागलं नाही ना कुठे?"

"नाही."

"किती पानं खाल्ली त्यानं?"

"सगळी."

त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडताहेत. ते हसत होते, गुडघे धरून हसत होते. "अगं, चोवीस वर्षं मी त्या दगडावर पानं ठेवतोय. एकदाही त्यानं चावून दाखवलं नाही! तुझ्या तिसऱ्याच सोमवारी?" आई स्वयंपाकघरातून धावत आली. मग ते हसायचे थांबले आणि म्हणाले, "पण मला त्याच दिवशी का नाही सांगितलंस? तुला वाटलं, मी नेमासाठी रागावेन? नेम कुणासाठी होता, बाळा?"

ते पान मी वाहिलं. त्या रात्री कित्येक दिवसांनी मला गाढ झोप लागली. साखळी तुटली होती, बाबांना ती तुटल्याचं ठाऊक होतं, आणि तरी ते माझ्याशी तसेच होते. मला वाटलं, गोष्ट इथे संपली.

प्लॅस्टर निघालं तेव्हा शहरात संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेची गडबड चालू होती. मनगट बारीक आणि फिकट झालं होतं. गाडीवर बसायची मला भीती वाटत होती, ती मी या वेळी लपवली नाही. बाबा काठी टेकत फाटकापर्यंत आले, म्हणाले, "भीती वाटली की थांबायचं. बस." मी इतकी हळू गेले की सायकलवाले मला मागे टाकून जात होते. शेतात ज्वारीची कणसं भरली होती, कुठेतरी हुरडा भाजल्याचा वास येत होता. आणि त्याच वळणावर, जणू मधले दिवस गेलेच नव्हते, तो उभा होता.

मी गाडी बंद केली. खाली उतरले नाही, पाय टेकून तशीच बसून राहिले. इंजीन थांबल्यावर त्याच्या घंटेचा आवाज ऐकू आला, तो मागच्या वेळी आला नव्हता. तो चांगली दहा मिनिटं उभा राहिला. माझी हँडलवरची पकड हळूहळू सैल झाली. मग तो आपला आपण बांधाकडे निघून गेला.

"आता शानी झालीस की!" वस्तीवरून आवाज आला. गंगव्वा कंबरेवर हात ठेवून बघत होत्या. त्यांनी आधी माझं मनगट उलटसुलट करून बघितलं आणि मग, मी काही बोलायच्या आत, मला हाताला धरून देवळात नेलं.

पिंडीच्या बाजूला कोनाड्यात वाळलेल्या बेलाचा ढीग होता. "हे तुजं," त्या म्हणाल्या.

"माझं?"

"व्हय. तू गेलीस त्याच दिशी सांजच्याला पयलं घातलं. मग दर सोमवारी. त्यानं खाल्लेलं आमी भरून द्यायला नको व्हय? आमच्या घरचा हाय तो. वाळलेला टाकला न्हाय, म्हटलं, पोरगी आली की दावू. फकस्त नाव ठाऊक नवतं बग. तर मी सांगितलं म्हादेवाला, गाडीवरनं पडलेल्या पोरीच्या नावानं हाय, ती कोन ते तुला ठाऊक."

त्याच दिवशी संध्याकाळी. म्हणजे मी घरी खोटं बोलून खाटेवर तोंड फिरवून पडले होते तेव्हा. ज्या मुलीसाठी चोवीस वर्षांपूर्वी हा बेल बोलला गेला, तिच्याच नावानं तो त्या दिवशीही वाहिला गेला होता. त्यांना आमच्या नेमाची काहीही कल्पना नव्हती. मी सांगितलंच कुठे होतं? याला काय म्हणायचं, ते मला कळत नाही आणि आता कळून घ्यायचंही नाही. मी खाली बसले आणि खूप रडले. गंगव्वांनी पाठीवरून हात फिरवला, मग जरा वेळानं म्हणाल्या, "पुरं की आता. बेल वाळंल."

मी त्यांना माझं नाव सांगितलं, त्यांचं विचारलं. बाबांचं सांगितलं, आमचं दुकान कुठे ते सांगितलं. त्यांनी पिंडीकडे तोंड केलं आणि मोठ्यानं, शेजारणीला सांगावं तसं, माझं पूर्ण नाव घेतलं. "ऐकलंस न्हवं? हीच ती."

घरी पोचले तेव्हा कप पालथाच होता. बाबांनी विचारायच्या आत मी सांगायला सुरुवात केली, आणि चहा निवेपर्यंत सांगत राहिले.

आता मी दर सोमवारी जाते. बाबांचे गुडघे बरे झाले तरी नेम त्यांनी माझ्याकडेच ठेवला आहे. अजूनही मला मंत्र येत नाहीत. एवढंच शिकले आहे की वाट अडली म्हणून दर वेळी हॉर्न वाजवायचा नसतो, आणि मदत करणाऱ्याला नाव सांगावं. आपण दार लावून बसलो तरी कुणीतरी आपल्या वाट्याचं पान वाहत असतं, यावर मी विसंबायला लागले आहे. त्या वळणावर बसवा असो नसो, मी गाडी बंद करते. घंटा ऐकू येते का बघते. मग पुढे जाते.