सातवी सूचना

गौतम गेल्याचा फोन त्याच्या मुलीनं केला, तेव्हा मी नांदेडच्या घरी मेथी निवडत बसलो होतो. "काका, पप्पा गेले... सकाळी," एवढंच ती म्हणाली. मी नुसतं "हो, हो" करत राहिलो, आणि फोन ठेवल्यावर उरलेली जुडी निवडून संपवली. कठीण प्रसंगी काही घडलंच नाही असं दाखवायची माझी खोड जुनी आहे. या गोष्टीला आता महिना होत आला. त्याच्या गुणांबद्दल लोक भरभरून बोलले, आणि ते सगळं खरंच आहे. मला मात्र माझ्याबद्दल लिहायचं आहे, कारण ते दुसरं कुणी लिहिणार नाही.

लातूर नवा जिल्हा झाला आणि पाठोपाठ दुष्काळ आला. कचेऱ्या भाड्याच्या घरांत भरायच्या, एका टेबलावर दोन-दोन कारकून. माझ्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूला गौतम. तो कंधारचा, मी अहमदपूरकडचा, घरी बरी शेती असलेला. नोकरीत तो मला सहा महिन्यांनी वरिष्ठ. टिपणी कशी लिहायची ते मला त्यानंच शिकवलं. जिल्ह्याच्या गर्दीत खोली मिळणं म्हणजे देव पावणं. मला आडनावावर आठवड्यात मिळाली. गौतमला चार घरांनी आडनाव विचारून "कालच दिली बघा" सांगितलं, आणि शेवटी दोन गल्ल्या पलीकडे पत्र्याची खोली मिळाली. त्यावर तो हसून म्हणायचा, "माझं आडनाव लई पावरफुल हाय गड्या, ऐकलं की खोल्या भरतात." मीही हसायचो.

पाण्याचा टँकर त्याच्याच गल्लीच्या तोंडाशी थांबायचा. कधी येईल याचा नेम नसायचा. तेव्हा मला आठवला तो वॉकी-टॉकीचा खेळ. आखातातून आलेल्या मेव्हण्यानं भाच्यासाठी आणलेला, पिवळ्या रंगाचा, लहान पोरांचा जोड. तो कसा वापरायचा याचं पुस्तक उंदरांनी खाल्लं होतं, म्हणून तो माझ्याकडे फळीवर पडून होता. मी दोन्ही हातांत धरून "हॅलो हॅलो" ओरडलो, नुसती शिट्टी वाजली. गौतमनं चार संध्याकाळी त्याच्याशी झटापट केली. दोन्ही जवळ धरले की शिट्टी मारतात, बटण दाबलं की आपलं जातं आणि सोडलं की त्याचं येतं, दोघांनी एकदम दाबलं तर कुणालाच काही नाही, हे त्यानं एकेक करून हुडकलं. मग कोऱ्या फुलस्केपवर शाईनं सूचनापत्रच काढलं. "१. प्रथम तार (एरियल) पूर्णपणे बाहेर ओढावी." अशा सहा सूचना, खाली सही. तो कागद त्यानं आपल्या खोलीत खिळ्याला अडकवला; जोडातला एक सेट त्याच्याकडे, एक माझ्याकडे. टँकर आला की तो दोघांच्या घागरी रांगेत लावायचा आणि नंबर जवळ आला की मला हाक द्यायचा, "वसंता, ये रे बाबा!" मग मी जाऊन माझी घागर उचलून आणायचो. कधी तोच घेऊन यायचा आणि माझ्याकडे चहा पिऊन जायचा.

माझा अंगठा दुखायचा म्हणून मी बटणावर रबरबँड चढवून बोलायचो. एक दिवस दाढी करता करता त्याच्याशी बोललो, "किती नंबर राहिले?" विचारलं, आणि तेवढ्यात घरमालकीण मावशी दारात आल्या. बँड काढायचा राहिला.

"वसंतराव, ते पाणी आणून देतंय ते कोण म्हणायचं?" त्यांनी विचारलं.

त्यांना सगळं ठाऊक होतं, हे त्यांच्या आवाजावरून कळत होतं. माझी खोली जाणार, हे मला लख्ख दिसलं. मी म्हणालो, "ऑफिसातला शिपाई हाय, मावशी."

"पाण्याचं काय न्हाई, टँकरचं पाणी सगळ्यांचंच. पण आत येतंय का?"

"न्हाई, न्हाई. घागर उंबऱ्याबाहेर ठेवतंय अन् जातंय."

दुष्काळानं पाण्याचा विटाळ घालवला होता, उंबऱ्याचा नाही. आणि तो उंबरा मी स्वतःच्या तोंडानं राखला.

थोड्या वेळानं गौतम आला. दोन्ही हातांत दोन घागरी. माझी त्यानं उंबऱ्याबाहेर ठेवली. "चहा?" मी म्हणालो. "घाई हाय," तो म्हणाला आणि गेला. आत वळलो तर खिडकीत सेट, बटणावर बँड तसाच. तो काढून खिशात टाकला. मग मी मनाची समजूत घातली... रांगेत एवढा गलका, त्याला काय ऐकू गेलं असणार! दुसऱ्या दिवशी कचेरीत तो म्हणाला, "वसंता, कागदात एक दुरुस्ती केली हाय. येऊन वाचून जा."

"सगळं पाठ हाय की मला," मी म्हणालो आणि फाईल उघडली.

त्यानं पुन्हा म्हटलं नाही. पाणी आणणं थांबवलं नाही, टिपणी तपासणं थांबवलं नाही, माझ्या लग्नात तर पंगतीत वाढलंसुद्धा. फक्त माझ्या त्या खोलीत तो नंतर कधी आला नाही. चाळीसेक वर्षांत मीही विचारलं नाही. भित्र्या माणसाला अशी शांतता फार सोयीची असते.

गौतमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला कंधारला गेलो तेव्हा दारात चप्पल काढून उगाच घुटमळत होतो. "भाऊजी, आत या की, बाहेर का थांबलात?" वहिनी म्हणाल्या. चहा झाल्यावर त्यांनी त्याचा पिवळा सेट आणून दिला. "हे तुम्हाला द्या म्हणले होते." तारेला गुंडाळून तो फुलस्केप होता, घड्यांवर फाटलेला. सहा सूचना निळ्या शाईत. खाली काळ्या शाईत सातवी, त्याच नीटस, कचेरीच्या अक्षरात :

"७. बोलणे संपल्यावर बटण सोडल्याची खात्री करावी. न सोडल्यास पलीकडील इसमास सर्व ऐकू येते, परंतु त्यास उत्तर देता येत नाही."