काचेवर फिरणारा फोन

नवागामला आमच्या गल्लीच्या तोंडाशी मोबाईल दुरुस्त करणारा बसतो. सहा वर्षं मी त्याच्याकडे जाते, पण नाव कधी विचारलं नाही. बॅटरी तपासायला दिली की तो आधी सेटिंगमध्ये बघतो आणि नाक मुरडतो. "इथं सगळ्यांचं चांगलंच दाखवतं, ताई." मग फोन काउंटरच्या काचेवर ठेवून टिचकी मारतो. फोन गरगर फिरला, की आत बॅटरी फुगलेली.

गेल्या उन्हाळ्यात माझ्यासमोरच यंत्रमागावर काम करणाऱ्या एका लूमवाल्याचा फोन असा फिरला. "आत्ताच बदलू का?" दुरुस्तीवाल्याने विचारलं. "कामाची पाळी चुकेल, भाऊ. उद्या," म्हणत तो फोन घेऊन गेला. लूमवाल्यांच्या खोल्यांत एका गादीवर दोन पाळ्यांची माणसं आळीपाळीने झोपतात. त्याने फोन गादीवरच चार्जिंगला लावला आणि कामावर गेला. दुपारी गादी पेटली. तिच्यावर झोपलेला रातपाळीचा माणूस वाचला नाही.

परवा माझा फोन फिरला. मी हातातली यादी दाखवली. "बँक, रेशन, दवाखाना, सगळं उरकायचंय. उद्या येते."

"फोन चार्जिंगला कुठं लावता?"

"सासूबाईंच्या उशाशी."

त्याने मान खाली घालून फोन खोलला आणि फुगलेली बॅटरी उपसून वाळूच्या बादलीत टाकली.

"अहो, विचारायचं तरी!" मी चिडले.

"शिव्या घाला, ताई," तो वर न बघता म्हणाला. "त्याला विचारलं होतं."