गुडघ्यांना जागा

प्लंबरने सख्ख्या बहिणीचं काम घेऊ नये, हे त्याला तीस वर्षांच्या धंद्यात आज चौथ्यांदा कळत होतं.

ताईने नवं बेसिन आणि त्याखालचं दोन दारांचं कपाट आधी विकत आणलं आणि मग त्याला फोन केला. "फक्त बसवायचंय. तासाभराचं काम." भावोजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. चार वाजता ते घरी येणार. बाथरूम एकच, आणि जुनं बेसिन हात टेकला तरी डुगडुगायचं. त्यामुळे चारच्या आत नवं चालू व्हायलाच हवं होतं.

जुनं निघालं सहज. भिंतीतला कॉक मात्र हलेना.

"हा शेवटचा कधी फिरवला होतास?"

"आम्ही कशाला फिरवू? पाणी येत होतं की."

अख्ख्या घराचं पाणी बंद करून, तेल सोडून, शिव्या गिळून त्याने तो काढला तेव्हा अकरा वाजले होते. मग कपाट भिंतीला लावलं, तर सांडपाण्याचं भोक बरोबर मधल्या फळीमागे.

"मोजलं होतंस ना?"

"मोजलं तर. लांबी, रुंदी, उंची."

"आणि भोक?"

"भोक कोण मोजतं?"

त्याने पाठीमागची फळी कापली, मधली काढून टाकली. पाइप दोन बोटं तोकडा पडला. तो दुकानात गेला, चुकीचा तुकडा घेऊन आला, पुन्हा गेला.

"दुसऱ्यांकडेही अशाच खेपा घालतोस का रे?"

"दुसरे डोक्यावर उभे राहत नाहीत."

अडीचला पाणी सोडलं. जोडाखाली एक थेंब जमला, पडला. दुसरा जमला. त्याने टेप गुंडाळून पुन्हा आवळलं आणि दमून तिथल्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसला. नळाकडे हात केला, तर पोचेना. पुढे सरकला, तर दोन्ही गुडघे दारांवर आपटले.

"ताई, हे स्टूल कशाला आणलंयस?"

"त्यांना बसून तोंड धुवायला. उभं राहायचं नाही म्हणालेत डॉक्ट..." ती थांबली.

"बस इथे."

ती बसली. गुडघे आपटले. मग पाय एका बाजूला घेऊन वळून बसली. "असे बसतील."

"ऑपरेशन गुडघ्याचं झालंय. आता कंबरेचंही करायचंय का?"

ताई स्टुलावरून उठली. तो आतून चिडला होता, आणि निम्मा स्वतःवरच. सकाळपासून भोकं, आटे, थेंब, सगळं डोळ्यांत तेल घालून पाहिलं. इथे तोंड कोण धुणार, हे एकदाही विचारलं नव्हतं.

"दारं काढतो. तळाची फळीही पुढून अर्धी कापतो."

"अरे, दारांसाठीच तर घेतलं ते." तिने गुळगुळीत दारावरून एकदा हात फिरवला. "काढ. सव्वातीन झाले."

दारं बाहेरच्या भिंतीला टेकून उभी राहिली. फळीचा भुसा ताईच्या केसांत, ओल्या फरशीवर, साबणावरही बसला. ती पुन्हा स्टुलावर बसली. गुडघे आत गेले. नळ सोडून तिने तोंडावर पाणी मारलं, पदराने पुसलं, मग पाय पुढे ताणून पाहिले. उरलेल्या फळीला पायाची बोटं लागली.

"त्यांचे पाय माझ्याहून लांब आहेत रे."

त्याने घड्याळाकडे पाहिलं नाही. करवत उचलली आणि म्हणाला, "ऊठ."