मागे ठेवलेली तिसरी

साखर कारखान्याच्या मळीचा वास आला की पुरुषोत्तमनगरचं मैदान आठवतं. त्या दिवशी तिथे आमचा फुटबॉलचा सामना होता. समोरचा संघ लीगमधला सगळ्यात कच्चा होता, पण जिंकलो नसतो तर आम्ही बाहेर. सर म्हणाले, "मागे दोघीच, बाकी सगळ्या पुढे."

मी गोलकीपर, एरवी गप्प राहणारी, पण त्या दिवशी बोलले. "सर, मागे तिघी हव्यात. त्यांची ती उंच मुलगी फार पळते."

"घाबरी ऱ्हायनी का वं तू?" वैशाली हसली. सर्वांत जास्त गोल तीच करायची. सरांनी माझं ऐकलं आणि तिलाच तिसरी म्हणून मागे थांबवलं.

आमचा गोल होईना. वैशाली वळूनवळून माझ्याकडे रागाने बघायची. अगदी शेवटी आमचा एक गोल झाला आणि आम्ही जिंकलो.

उंच मुलगी माझ्यापर्यंत एकदाही आली नाही. मी बरोबर होते की नुसतीच घाबरलेली, ते मला आजही सांगता येत नाही.