व्हर्लिनने ओढलेली निळी तार

व्हर्लिन हाउगनइतका काटेकोर माणूस क्वार्टझाइटच्या माळावर हिवाळा काढणाऱ्या आम्हा गाडीत राहणाऱ्यांत दुसरा नव्हता. चौतीस वर्षं त्याने नॉर्थ डकोटात विजेच्या खांबांवर चढून काढली. निवृत्त झाल्यावर घर विकलं, अडतीस फुटी मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घरच, घेतलं आणि बायकोला, आर्डिसला, घेऊन निघाला. अकरा हिवाळे ती दोघं या वाळवंटात माझ्या शेजारी होती. मी मार्वा. नवरा वारला, आता एक लहानशी व्हॅन आहे आणि एक लांब जीभ. जिभेचं मी नाही, व्हर्लिन म्हणायचा.

एप्रिल लागला की उन्हाने इथे थांबवत नाही, सगळे उत्तरेला निघतात. दरवर्षी तो मोटरहोम घेऊन पुढे आणि आर्डिस त्यांची लाल छोटी गाडी घेऊन मागे. यंदा तसं होणार नव्हतं. डिसेंबरात ती पाव आणायला म्हणून गेली, ती संध्याकाळी नदीपलीकडच्या पेट्रोल पंपावर सापडली. चावी हातात होती, पण कुठे जायचंय ते आठवत नव्हतं. फिनिक्सहून त्यांची मुलगी शेली धावत आली. रडली, बापाशी भांडली. शेवटी असं ठरलं, की आईला प्रवासातली तिच्या वाटची कामं जमत असतील तर एवढा उन्हाळा फिरा. नाही जमली, तर तिला फिनिक्सला विसरभोळ्या म्हाताऱ्यांच्या आश्रमात ठेवायचं. व्हर्लिन कबूल झाला, कारण तिला जमणार याबद्दल त्याला शंकाच नव्हती. निदान तो तसं दाखवत होता.

मग लाल गाडी मागे बांधून ओढत न्यायची ठरली. तिची पुढची चाकं चढवायला त्याने दोन चाकांची डॉली आणली. डॉलीला विजेचे ब्रेक, म्हणजे मोटरहोममध्ये त्यासाठी नव्या तारा टाकणं आलं. आर्डिसला त्याने सांगितलं, पेट्रोल वाचेल.

"माझं ड्रायव्हिंग नको झालंय, असं म्हण की सरळ," ती हसून म्हणाली. तो हसला नाही.

चार दिवस तो गाडीखाली उताणा पडून होता. स्टिअरिंगखाली ब्रेकचा डबा बसवला. बॅटरीची तार आणली, ब्रेकच्या दिव्याची आणली. डब्यातून एक जाड निळी तार पार मागच्या प्लगपर्यंत नेली. डॉलीच्या ब्रेकला वीज देते ती हीच. वीत-वीत अंतरावर बांधलेली, प्रत्येक जोड डाग देऊन पक्का केलेला, त्यावर पट्टी आणि पट्टीवर नाव.

"अरे, तार आहे की नवरी? किती नटवशील?" मी खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाले.

"उतारावर ब्रेक लागले नाहीत तर चाकाखाली तुझी जीभ घालू का?" गाडीखालून उत्तर आलं.

निघण्याआधी आमच्यात नवरा-बायकोची एक कवायत असते. नवरा आत स्टिअरिंगवर बसतो, बायको मागे उभी राहते. तो एकेक दिवा लावतो, लागला की ती हात वर करते, तो आरशात बघतो. विजेचे ब्रेक दिसत नाहीत, म्हणून चाकाजवळ होकायंत्र धरायचं. आतलं चुंबक जागं झालं की काटा गर्रकन फिरतो. पाचव्या दिवशी सकाळी आर्डिस होकायंत्र घेऊन डॉलीपाशी उभी राहिली.

"डावा!" हात वर. "उजवा!" हात वर. "ब्रेक!" हात वर.

"पुन्हा बघ, ब्रेक!" पुन्हा हात वर.

ती डोंगराकडे बघत होती. होकायंत्राचं झाकण बंद होतं. मला राहवलं नाही. उठून मागे गेले आणि वाकून पाहिलं. प्लगची डबी उघडी होती आणि निळ्या तारेचं टोक बाहेर लोंबत होतं.

माझं डोकं फिरलं. तडक त्याच्या खिडकीशी गेले. "डोळे फुटले का तुझे? निळी तार सुटलीय! घाट उतरताना मराल दोघं!"

"सुटली नाही. मी काढलीय."

"काढलीस?"

"हळू बोल. ब्रेक काल मी एकट्याने तपासले, डब्याचा खटका पाचर घालून दाबून ठेवला होता. झकास लागतात." दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून तो समोर बघत होता. "मला आज ब्रेक नव्हते तपासायचे, मार्वा."

मी म्हणाले, "एखादे वेळी चुकतं माणसाचं." खोटंच बोलले. गेल्या आठवड्यात तिच्या इशाऱ्यावर गाडी मागे घेताना त्याने माझं टेबल चिरडलं होतं, तेव्हाही मी हसून विषय बदलला होता.

"ब्रेकचं दोनदा विचारलं. दोन्ही वेळा हात वर," तो म्हणाला. "इतकी वर्षं तिचा हात वर गेला की मी निघायचो. उतरून बघायला कधी गेलो नाही."

"शेलीला कोण सांगतंय? मी नाही सांगणार. जा तुम्ही."

"आणि उद्या गॅस चालू ठेवून म्हणाली बंद आहे, तर?"

एवढं बोलून तो रडायला लागला. मी व्हर्लिनला रडताना कधी पाहिलं नव्हतं, आणि पुन्हा बघायचंही नाही. मागून आर्डिसचा आवाज आला, खुशीत, "झालं ना रे? निघायचं का?"

त्याच दुपारी त्याने तार परत जोडली. तेवढ्याच निगुतीने, पट्टी लावून, पट्टीवर नाव लिहून. शनिवारी होकायंत्र घेऊन मी मागे उभी राहिले आणि ती दोघं फिनिक्सला गेली. वाटेत ब्रेक उत्तम लागले, असं त्याने फोनवर सांगितलं. महिन्याभरात मोटरहोम विकलं. त्याने आश्रमासमोर एक खोली घेतली. सकाळी जातो, तिला झोप लागेपर्यंत बसतो.

मी रविवारी फोन करते. परवा विचारलं, "कशी आहे?"

"जेवते नीट. आज मला म्हणाली, 'अहो, ऐकता का? बाहेर माझा नवरा असेल. त्याला सांगाल का, माझं आवरलंय म्हणून?'"

"मग?"

"सांगतो म्हणालो. बाहेर जाऊन उभा राहिलो जरा वेळ. परत आत गेलो, तर तिने पुन्हा तेच सांगितलं."